इंजिन सुरू करताना लागणारी आग

बिदरकरांना विमानाचा आवाज नवा नाही. येथील हवाई दलाच्या तळावर 'हॉक' जेट विमानांवर वैमानिक घडतात. कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाला. पुढे २०२१ साली उड्डाणशाळांसाठी देशातील जे पाच विमानतळ निवडले गेले, त्यांत बेळगाव व जळगावबरोबर कलबुर्गीही होते. आपल्यापैकी काही जण उद्या तेथे शिकतील. म्हणूनच वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असूनही मी हा विषय निवडला आहे.

लहान विमानाला आग आकाशातच लागते असे आपण समजतो. वास्तविक ती जमिनीवर, इंजिन सुरू करतानाही लागू शकते. याचे कारण समजण्यास घरातील पंपाचा स्टोव्ह आठवावा. बर्नर तापण्यापूर्वीच पंप मारला, तर रॉकेलची वाफ न होता ते पातळच बाहेर येते आणि भडका उडतो. पिस्टन इंजिनाचेही तसेच आहे. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, इंजिन लवकर सुरू होत नाही आणि शिकाऊ वैमानिक थ्रॉटल पुन्हा पुन्हा पुढे-मागे करतो. दर वेळी कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची पिचकारी उडते. अनेक विमानांत कार्बुरेटर इंजिनाच्या खालच्या बाजूस असतो. त्यामुळे जादा पेट्रोल खाली, हवा आत येण्याच्या मार्गात साचते. अशा वेळी इंजिनाने उलटा भडका मारला, की ते पेटते.

आता खरा प्रश्न येतो. आग दिसताच स्टार्टर सोडून पळावे असे कोणालाही वाटेल. परंतु सेसना १७२ या विमानाच्या पुस्तिकेतील सूचना याच्या उलट आहे. स्टार्टर चालूच ठेवावा, म्हणजे ज्वाळा व साचलेले पेट्रोल इंजिनात ओढले जाते. इंजिन सुरू झाल्यास ते काही मिनिटे सुमारे १७०० फेऱ्यांवर चालवावे, मग बंद करून तपासणी करावी. सुरू न झाल्यास थ्रॉटल पूर्ण उघडावे, मिश्रणाचा दांडा ओढून पेट्रोल तोडावे व स्टार्टर फिरवीत राहावे. तरीही आग राहिली, तर इंधनाची तोटी, इग्निशन व मुख्य स्विच बंद करून बाहेर पडावे आणि अग्निशामक वापरावा. प्रत्येक विमानाची पुस्तिका वेगळी असते, म्हणून आपल्या विमानाचा क्रम आधीच पाठ हवा. ज्वाळा दिसल्यावर पुस्तिका उघडण्यास वेळ नसतो.

मात्र आग विझविण्यापेक्षा ती टाळणे सोपे आहे. पेट्रोल पुस्तिकेत सांगितले तेवढेच द्यावे, थ्रॉटल उगाच हलवू नये, पेट्रोल जास्त झाल्याची शंका आल्यास थोडे थांबावे. नाकाखालची आग वैमानिकाला आसनावरून दिसेलच असे नाही, म्हणून बाहेर एक माणूस उभा असावा.

कन्नडमध्ये म्हण आहे, 'आतुरगारनिगे बुद्धि मट्ट', म्हणजे उतावळ्याची बुद्धी तोकडी. येथे उतावळेपणा दोनदा नडतो: आधी आग लावताना, नंतर ती सोडून पळताना.