मृगापूर्वीची परसबाग

वैशाख सरत आला म्हणजे आमच्या फोंडे महालातील विहिरी तळ दाखवू लागतात आणि नेमका त्याच दिवसांत परसातील झाडांना फुलाफळांचा भर येतो. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. तोवर उरलेल्या तीन-चार आठवड्यांत कोणत्या झाडास पाणी द्यावे, कोणते फळ केव्हा उतरावे, कोणते बी केव्हा राखून ठेवावे, ह्याची जाण पूर्वी घरोघरी असे. अलीकडे पूजेची फुलेसुद्धा बाजारातून पुडीत येऊ लागली आहेत. म्हणून ह्या विषयाची थोडी उजळणी करण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही पूजेच्या घरी वाढलो. तेव्हा लिहिताना आमचा ओढा फुलांकडे अधिक जाईल, हे वाचक समजून घेतीलच.

प्रथम पाण्याचा विचार. आमच्या घरी विहिरीचे पहिले पाणी अभिषेकाचे, दुसरे स्वयंपाकाचे आणि उरेल ते झाडांचे, असा क्रम आहे. उरलेले पाणी थोडे असते. ते आंब्याफणसाच्या मुळाशी ओतण्यात अर्थ नाही. ह्या वृक्षांची मुळे खोल गेलेली असतात. आंबा पाडाला आल्यावर अळ्यात पाणी साचवले तर मानकुरादाची गोडी उणावते, असा आमच्या वडिलांचा अनुभव आहे. पाण्याची खरी निकड आहे ती तुळस, मोगरा आणि अबोली ह्यांना. त्यांची मुळे वरच्यावर असतात. पाणी सायंकाळी द्यावे आणि बुंध्याभोवती पाचोळ्याचा थर पसरावा. पाचोळा जाळून टाकण्याची जी रीत पडली आहे ती सोडलेली बरी.

मोगऱ्यास फूल येते ते नव्या फुटीवर. थंडी सरताना ज्यांनी छाटणी केली असेल, त्यांच्याच झुडपावर वैशाखात कळ्यांचे घोस दिसतील; इतरांनी पुढील वर्षासाठी ध्यानात ठेवावे. देवास कळ्या वाहू नयेत असा प्रघात आहे, चाफा आणि कमळ एवढेच त्यास अपवाद. आणि मोगरा तर रात्री उमलतो. म्हणून टपोऱ्या झालेल्या कळ्या सायंकाळी खुडून केळीच्या पानात ओल्या फडक्याखाली ठेवाव्यात. पहाटेच्या पूजेस उमललेली फुले मिळतात.

अबोलीस गंध नाही, परंतु वळेसर माळला तर दुसऱ्या दिवशीही तो टवटवीत असतो. हिचे बी राखणे हे मोठे युक्तीचे काम होय. वाळलेल्या बोंडास पाण्याचा स्पर्श होताच ते तट्कन फुटते आणि बी दूरवर उडते. पहिल्या सरीबरोबर सारे झुडूप तडतडू लागते. लहानपणी आम्ही ही बोंडे जिभेवर ठेवून भावंडांना भिववीत असू. तात्पर्य, बी हवे असेल तर पाऊस पडण्यापूर्वीच वाळकी बोंडे काढून कोरड्या कागदात बांधावीत.

आता भिरंडीविषयी. ह्याच झाडास घाटावर कोकम म्हणतात. गार्सिया द ऑर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा जो ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, त्यातही ह्या फळाचा उल्लेख आहे. पिकून लालजांभळे झालेले फळ कापून गर व बिया वेगळ्या करतात. गराच्या रसात मीठ घालून त्यात साली बुडवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. असे चार-पाच वेळा केले म्हणजे काळी, मऊ सोले तयार होतात. ह्या कामास सलग कडक ऊन लागते. मध्येच पाऊस आला तर सोलांवर बुरशी चढते आणि वर्षाची बेगमी वाया जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही पावसापूर्वी तयार होणारी जात प्रसृत केली, ती ह्याच अडचणीवर उपाय म्हणून उपयोगी आहे. बियांपासून निघणारे भिरंडेल थंडीत टाचांच्या भेगांस लावतात, हे सांगावयास नकोच.

आमच्या परसात भिरंडीची दोन झाडे होती. एक फळांनी वाकत असे. दुसऱ्यास दरवर्षी भरपूर फुले येत, फळ मात्र एकही धरत नसे. ते वांझ म्हणून तोडावे असा आग्रह आम्हीच धरला. आजी नको म्हणत होती. तिला कारण सांगता येईना, आणि आम्ही नुकतीच शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झालेलो! झाड तोडले. पुढील दोन्ही उन्हाळ्यांत उरलेल्या झाडावर फळ इतके विरळ आले की सोले विकत आणावी लागली. पुढे वाचनात आले की भिरंडीत नर आणि मादी अशी झाडे निरनिराळी असतात. नराची फुले झुबक्यांनी येतात आणि त्यांत परागच असतो. तो पराग मिळाला तरच मादीझाड नीट फळते. एका नरावर अनेक माद्यांचे भागते, पण एकही नर नसून चालत नाही. आजीस हे वाचून दाखविले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मग आता एक लाव.”

तेथेच अडचण आहे. बियांपासून केलेले रोप नर निघेल की मादी, हे फुले येईपर्यंत ओळखता येत नाही आणि त्यास सहा-सात वर्षे सहज लागतात. फळ निश्चित हवे असेल त्यांनी मादीचे कलम घ्यावे आणि आसपास कोठे नर आहे किंवा नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहून ठेवावे. आम्हांस नरच हवा असल्यामुळे जुन्या खुंटाजवळ चार रोपे लावली आहेत. त्यांस अद्याप फुले आलेली नाहीत.

अबोलीचे बी यंदा आमच्याकडे पुष्कळ जमले आहे. ज्या कुटुंबांना हवे असेल त्यांनी मृगापूर्वी सायंआरतीनंतर घरी येऊन न्यावे; येताना कोरडा कागद आणावा.