न्यायालयाच्या दारापूर्वी

एखादा प्रौढ मनुष्य कोणास न सांगता घर सोडून गेला किंवा त्याने वडिलांचे ऐकले नाही, तर कायदा त्यास अपराधी म्हणत नाही. परंतु हेच तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने केले, तर अमेरिकेत त्यास न्यायालयापुढे उभे करता येते. शाळा चुकविणे, घरातून पळून जाणे, आईबापांच्या आज्ञेत न राहणे, ही कृत्ये केवळ कर्त्याच्या वयामुळे अपराध ठरतात. अशा मुलांना न्यायालयाऐवजी समाजाच्या साहाय्याकडे वळविण्याचा जो प्रयत्न तेथे झाला, त्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

अमेरिकेतील पहिले बालन्यायालय १८९९ साली शिकागो येथे स्थापन झाले. मुलांना प्रौढ गुन्हेगारांबरोबर डांबू नये, न्यायाधीशाने त्यांच्याकडे पित्याच्या ममतेने पाहावे, हा त्यामागील हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु पुढे चोरी करणारा आणि शाळा चुकविणारा एकाच दारातून आत जाऊ लागले व पुष्कळदा एकाच कुलपाआड राहू लागले. ज्याने कधी चोरी केली नव्हती, त्यास चोरी शिकविणारे सोबती तेथे लाभत. आणि कपाळी बसलेला शिक्का सुटकेनंतरही पुसला जात नसे.

१९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा मुलांसाठी गावोगावी युवकसेवा केंद्रे असावीत, अशी शिफारस केली. १९७० साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे एक बोधप्रद प्रयोग सुरू झाला. मुलास कोठडीत न ठेवता त्याच्या सर्व कुटुंबास विनाविलंब बोलावीत आणि प्रशिक्षित अधिकारी सर्वांना एकत्र बसवून बोलते करीत. दोष एकट्या मुलाचा न मानता अडचण साऱ्या घराची मानली जाई. आठवड्याच्या काही दिवशी आलेली मुले या रीतीने, तर उरलेल्या दिवशी आलेली जुन्या रीतीने हाताळून दोहोंची तुलना केली गेली. नव्या रीतीत न्यायालयात जाणारी मुले कमी झाली आणि पुन्हा पकडली जाणारीही कमी आढळली.

१९७४ साली संघराज्याने कायदा करून, मध्यवर्ती निधी घेणाऱ्या राज्यांनी अशा मुलांना बंदिस्त संस्थांत ठेवू नये, असे ठरविले. १९८० साली मात्र न्यायालयाचा हुकूम मोडणाऱ्या मुलापुरता अपवाद करण्यात आला. २०१८ च्या सुधारणेने त्या स्थानबद्धतेस सात दिवसांची मर्यादा घातली.

या मार्गातही एक धोका आहे. पूर्वी दोन शब्द सांगून ज्यास घरी धाडले असते, अशा मुलामागेही अधिकाऱ्यांचा ससेमिरा लागू शकतो. म्हणून साहाय्य गरजेपुरतेच असावे, हे पथ्य पाळले पाहिजे.

आपल्या देशातही २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार गुन्ह्याचा आरोप असलेले मूल बालन्याय मंडळापुढे जाते, तर काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल बालकल्याण समितीपुढे. हा भेद मोलाचा आहे.

शाळेत एखादी जागा वारंवार रिकामी दिसली, तर त्यामागे घरचे दारिद्र्य असेल, आजारपण असेल किंवा मारझोडही असेल. ‘याने काय केले?’ या प्रश्नाआधी ‘यास काय झाले?’ हे आम्ही विचारू लागलो, तर कित्येक मुलांना न्यायालयाचे दार पाहावेच लागणार नाही.