रोज एक खण : दुकानाची मोजदाद आणि जकातीचा हिशोब

व्यापारी बांधवांनो, रमजान जवळ आला की आपल्यापैकी अनेकांच्या मनावर एका कामाचे ओझे येते, ते म्हणजे दुकानातील मालाची मोजदाद. काम मोठे, वेळ थोडा. मग आपण नजरेनेच अंदाज बांधतो आणि जकात काढून मोकळे होतो.

मीही नांदगावात कापडाच्या दुकानावर वर्षानुवर्षे असेच केले. एकदा मागचा खण रिकामा करताना पोपलीनचे 14 ताके सापडले. सुमारे 40 हजारांचा माल, आणि तो तीन वर्षे हिशोबातच नव्हता! म्हणजे दरसाल जवळपास 1 हजार रुपये हकदारांचे माझ्याकडे राहिले. ती रक्कम मी नंतर अदा केली, पण चूक अंदाजाची होती हे कळले.

तेव्हापासून मी हे काम तुकड्यांनी करतो. दुकानात 28 खण आहेत. शाबानच्या पहिल्या तारखेपासून रोज एकच खण मोजायचा. जुहरनंतर गिऱ्हाईक कमी असते; तेवढी दहा-पंधरा मिनिटे पुरतात. ताके, मीटर, कटपीस एका पुठ्ठ्यावर लिहून तो खणातच ठेवायचा. पुढे माल विकला की वजा, नवा आला की जमा. बाजाराच्या दिवशी काम राहिले तर दुसऱ्या दिवशी दोन खण. महिनाअखेर पुठ्ठे गोळा केले की मोजदाद तयार.

भाव मात्र जकातीच्या तारखेचाच, बाजारात आज जो मिळेल तो लावावा. उदाहरणार्थ, माल 6 लाख, रोख व बँकेत 50 हजार, वसूल होणारी उधारी 1 लाख. एकूण साडेसात लाख. त्यातून पेढीचे देणे अडीच लाख वजा. राहिले 5 लाख. अडीच टक्क्यांनी जकात 12,500 रुपये. कपाटे, गल्ला, शिलाई मशीन यांवर जकात नाही. बुडीत उधारीबद्दल आलिमांना विचारावे.

आणखी एक गोष्ट. जकातीचे वर्ष चांद्र आहे, सुमारे 354 दिवसांचे. जे 31 मार्चला हिशोब करतात त्यांचे दरसाल 11 दिवस मागे पडतात. 33 वर्षांत एका संपूर्ण वर्षाची जकात राहून जाते.

शेजारच्या येवल्याचा विणकर पैठणी एका दिवसात उतरवत नाही; धाग्याला धागा जोडत महिने जातात. पवित्र कुरआनही सुमारे 23 वर्षांत थोडे थोडे अवतरले. थोडे का असेना, पण नित्य केलेले काम अल्लाहला प्रिय आहे, अशी पैगंबर (स.) यांची शिकवण हजरत आयशा (र.) यांच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचली आहे.

तेव्हा आजच एक पुठ्ठा घ्या, एक खण मोजा. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.