द्वीपराष्ट्रांतील भूकंप आणि माळव्याची भूमी

जपान, इंडोनेशिया, फिलिपाईन्स अथवा न्यूझीलंड येथील भूकंपाची वृत्ते वरचेवर वाचावयास मिळतात. त्यावरून समुद्राने वेढलेली भूमी अस्थिर असते आणि सागरापासून दूर, काळ्या पाषाणावर वसलेले इंदूरसारखे नगर सर्वस्वी निर्धास्त असते, असा समज होणे स्वाभाविक आहे. हे दोन्ही समज तपासून घेणे इष्ट होय.

भूकंपाचे कारण

पृथ्वीचे बाह्य कवच एकसंध नाही. ते अनेक प्रचंड भूपट्टांचे बनलेले असून हे भूपट्ट दरवर्षी काही सेंटिमीटर इतक्या मंद गतीने सरकत असतात. त्यांच्या सीमांवर खडक परस्परांत अडकून राहतात आणि त्यांत ताण साठत जातो. खडकांची सहनशक्ती संपली की ते एकाएकी सरकतात व भूमी हादरते.

जपान चार भूपट्टांच्या संधीवर वसलेला आहे. त्याच्या पूर्वेकडील पॅसिफिक महासागराचा तळ वर्षाला सुमारे ८ ते ९ सेंटिमीटर गतीने त्याच्याखाली शिरत असतो. इंडोनेशियाखाली हिंदी महासागराचा तळ याच रीतीने जात आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रानजीक झालेला भूकंप व त्यामागून आलेल्या त्सुनामी लाटा हा त्याचाच परिणाम होता. खाली जाणाऱ्या भूपट्टामुळे खोलवरचा खडक वितळतो, ज्वालामुखी निर्माण होतात आणि यांपैकी पुष्कळशी बेटे त्यांतूनच घडली आहेत. म्हणजे येथे बेटे आणि भूकंप ही एकाच कारणाची दोन फळे होत. श्रीलंका हेही बेटच आहे. परंतु ते भूपट्टांच्या सीमेपासून दूर असल्याने तेथे मोठे भूकंप क्वचितच होतात.

माळव्याची स्थिती

माळव्याचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेले आहे. तेथून दक्षिणेस घाट उतरला की विंध्य आणि सातपुडा यांच्यामधील नर्मदेचे खोरे लागते. या पट्ट्यात भूकवचातील प्राचीन भेगा आहेत. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकून आशिया खंडावर रेटला जात आहे. त्या रेट्याचा ताण देशाच्या अंतर्भागातील अशा दुर्बल रेषांवरही पडतो. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या परिसरात आणि २२ मे १९९७ रोजी जबलपूर येथे झालेले भूकंप याची साक्ष देतात. येथे ताण सावकाश साठतो, म्हणून दोन मोठ्या धक्क्यांमध्ये दीर्घ काळ लोटतो. पण धोका नाहीसा होत नाही.

किल्लारीचा धडा

महाराष्ट्रातील किल्लारीची भूमीही अशाच काळ्या पाषाणाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे ६.२ महत्तेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदे झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. याहून मोठे धक्के जपानमध्ये वरचेवर होतात, तरी एवढी प्राणहानी सहसा होत नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात तेथे एक लाखाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले होते. तो दिवस १९६० पासून आपत्ती-निवारण दिन म्हणून पाळला जातो आणि शाळाशाळांतून बचावाचा सराव होतो. १९८१ मध्ये तेथील बांधकामाचे नियम अधिक कडक करण्यात आले. वारंवारतेने त्या देशाला सावध ठेवले. दीर्घ शांततेने किल्लारी बेसावध राहिली.

काय करावे

भूकंपाचा दिवस व वेळ आगाऊ सांगता येत नाही. घर मात्र आगाऊ मजबूत करता येते. जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छत या पातळ्यांवर चारही भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा घालावा. दगडी भिंतीत दोन्ही बाजूंना सांधणारे लांब दगड ठराविक अंतरावर बसवावेत. छप्पर हलके ठेवावे. धक्का बसताच भक्कम मेजाखाली आश्रय घेऊन डोके झाकण्याचा व धक्का थांबल्यावर रांगेने मोकळ्या मैदानात जाण्याचा सराव शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. ग्रामपंचायतींनी शाळा व दवाखाना यांच्या इमारती प्रथम तपासून घ्याव्यात. कारण संकटसमयी गावाला आसरा त्यांचाच असतो.