आधी शिडी, मग पाटी

जुने वाडे बिल्डर पाडतो, असे आपण म्हणतो. बिल्डर येतो तो शेवटी. त्याच्या कितीतरी पावसाळे आधी एक कौल सरकलेले असते, वाशाच्या टोकावर पाणी पडत असते, आणि ते कौल कोणी बसवायचे यावर चार वाटेकऱ्यांचा अबोला चाललेला असतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले. पुराने जे एका दिवसात केले तेच गळती सावकाश करते. म्हणून गावाचा वारसा जपायला निघालेल्या मंडळींनी हेरिटेज वॉक, माहितीची पाटी, पोस्टर स्पर्धा हे सगळे पुढच्या वर्षावर टाकावे आणि आधी शिडी आणावी.

खालची कृती वाई डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. तिथल्या ढोल्या गणपतीचे देऊळ (१७६२, गणपतराव भिकाजी रास्ते) किंवा शेजारच्या मेणवलीतला नाना फडणविसांचा वाडा यांच्याकडे लोकांचे लक्ष असते, सिनेमावाले येतात, सहली येतात. चिंता आहे ती मधल्या आळ्यांची. नाव नसलेला, दोनमजली, दिंडी दरवाज्याला कुलूप असलेला वाडा हाच आपला विषय.

साहित्य फार लागत नाही: तीस मीटरची फीत, ओळंबा, बॅटरी, आलेखाचा कागद, पेन्सिली, एक जाड स्क्रू ड्रायव्हर, शिडी, जाड तळव्यांचे बूट. ड्रोन नको. माणसे पाच-सहा पुरेत, पण त्यांत एक त्या आळीतलाच हवा, किमान दोन बायका हव्यात (पुरुषांच्या टोळीला माजघराच्या पुढे कोणी नेत नाही आणि खरी ओल स्वयंपाकघरात आणि मोरीपाशी असते) आणि एक जुना गवंडी किंवा सुतार हवा. त्याला रोज द्या. स्वयंसेवा तुमची आहे, त्याची नव्हे.

मुहूर्त माघाचा धरा. वाईत आळीआळीचे कृष्णाबाईचे उत्सव तेव्हापासून सुरू होतात, आणि पुण्या-मुंबईला गेलेले वाटेकरी एरवी फोन उचलत नसले तरी प्रसादाला येतात. ज्याच्या खिशात किल्ली आहे तो मनुष्य तेव्हा घाटावर पंगतीत सापडतो. माघ-फाल्गुनात नोंद आणि मोजणी, चैत्र-वैशाखात दुरुस्ती, मृगापूर्वी सगळे बंद.

एकच आळी घ्या. अख्खे गाव घेणाऱ्यांच्या फायली तिसऱ्या आळीत थांबतात.

दारात गेल्यावर ‘वारसा’ हा शब्द काढू नका. मालकाला त्यात सरकारी बंधन ऐकू येते, भाडेकरूला मालकाचा डाव ऐकू येतो. भाडे नियंत्रणाखालचा जुना भाडेकरू आणि नावापुरते भाडे घेणारा मालक, दोघेही डागडुजीला हात लावत नाहीत, आणि दोघांनाही वाटते की तुमच्या कागदावर जे लिहिले जाईल ते उद्या कोर्टात येईल. तेव्हा तुमच्या नोंदीत मालकीचा रकानाच ठेवू नका आणि तसे पहिल्या मिनिटाला सांगा. सुरुवात करायला, “काका, यंदा कुठे गळलं का?” एवढे पुरते. या प्रश्नाला पाठ फिरवणारा मनुष्य विरळा. चहा होईपर्यंत तुम्ही माडीवर असता.

आता नकाशा. नगर भूमापन कार्यालयातून त्या आळीच्या नकाशाची नक्कल घ्या, आणि प्रत्येक घराला सिटी सर्व्हे नंबर द्या. “पिंपळासमोरचा वाडा” ही ओळख पिंपळ तुटल्यावर संपते. मग आत मोजणी. जुन्या वाड्यात काटकोन गृहीत धरायचा नाही. चौकाच्या चार बाजू मोजल्या तरी आकार कळत नाही, दोन्ही कर्ण मोजावेच लागतात. फितीचे शून्य एका कोपऱ्यात धरून ठेवा आणि खांब, दार, देवळी, पुढचा खांब असे आकडे ओळीने वाचत जा. तुकडे मोजून बेरीज केली की प्रत्येक तुकड्याची चूक त्या बेरजेत जमा होते. एक मीटरला दोन सेंटिमीटर या मापाने काढलेला नकाशा सुताराला, गवंड्याला आणि नगरपालिकेच्या अभियंत्याला सारखाच वाचता येतो. खण मोजून लिहायला विसरू नका. वाड्याची भाषा खणांची आहे. सोपा किती खणांचा, माजघर किती, हे एकदा कळले की नंतर कोणी मधेच घातलेली भिंत आपोआप उघडी पडते.

मोजताना लाकूड तपासा. तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथेच ते आधी कुजते, आणि ऑइल पेंटमुळे वरून काही दिसत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका; बद्द आवाज आला तर टोकाने टोचून पाहा. सहज आत गेला तर त्या खणाखाली उभे राहू नका. माडीवर चालताना फळ्यांच्या मध्यावर पाय न देता खाली जिथे तुळई आहे त्या रेषेवर द्या, आणि बंद वाड्यात एकट्याने जाऊच नका. भिंतीला तडा असेल तर त्यावर काचेची पातळ पट्टी दोन्हीकडे चिकटवून तारीख लिहा. पुढच्या खेपेला काच फुटलेली असेल तर तडा चालता आहे; तिथून पुढचे काम इंजिनिअरचे.

आता छप्पर. चैत्रात एका सकाळी गवंड्याला आढ्यापर्यंत नेऊन कौले चाळून घ्या. फुटलेली काढायची, वाशांवरचा पाला-माती झाडायची, सडलेल्या रिपा बदलायच्या, कोने चुन्यात पुन्हा बसवायचे. पूर्वी दरसाल शाकारणी होत असे ती हीच. मंगळुरी कौले बदलायला पाडलेल्या घरांतून जुनी मिळतात. आळीत कुठे पाडकाम निघाले की हातगाडी घेऊन जा आणि सुस्थितीतली कौले कोणाच्या तरी परसात रचून ठेवा. हा साठा मंडळाच्या बँकेतल्या शिलकीपेक्षा अधिक कामाचा. पन्हळ साफ करा, आणि तिचे पाणी जोत्यापासून लांब पडते की नाही ते एक बादली ओतून बघा. बहुतेक वेळा ते भिंतीच्या पायथ्याशीच मुरते, आणि आतून मग ‘लोणा लागलाय’ अशी तक्रार येते.

पिंपळाचे रोप वीतभर असेल तर भिंत ओली असताना मुळासकट निघते. मनगटाएवढे झाले की ओढू नका, भिंत बरोबर येईल. बुंधा कापायचा, लगेच त्याला भोक पाडून तणनाशक भरायचे, मूळ पूर्ण वाळू द्यायचे आणि मग जागा चुन्याने भरायची. नुसते छाटले तर ते दुप्पट जोमाने फुटते. घरच्यांचा पिंपळ तोडायला विरोध असतो, तो थट्टेवारी नेऊ नये. लहान रोप असेल तर कुंडीत काढून नदीकाठी लावू, असे सांगितले की बहुतेक ठिकाणी प्रश्न सुटतो.

चुन्यावर मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण सद्भावनेने होणारे सर्वांत मोठे नुकसान सिमेंटचे आहे. वाड्याची भिंत दगड, वीट आणि माती-चुन्याची असते. ती ओल पिते आणि पुन्हा बाहेर सोडते. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की बाहेरचा रस्ता बंद होतो, ओल वर चढते, क्षार विटेत साठतात आणि दोन-चार पावसाळ्यांनी गिलाव्यामागे विटेचे पीठ उरते. दगडाच्या दर्जा सिमेंटने भरल्या तर दर्ज टणक राहते आणि कडेचा दगड झिजतो. नगरसेवकाच्या निधीतून ‘सुशोभीकरण’ आले तर त्या कामात पहिला आक्षेप याच मुद्द्यावर घ्या.

कळीचा चुना मिळाला तर तो स्वतः विझवण्याचा उत्साह आवरावा. विझताना तो उकळतो, उडतो, डोळा जाऊ शकतो. करायचेच तर चष्मा, हातमोजे, आणि पाण्यात चुना टाकायचा. चुन्यावर पाणी ओतायचे नाही. विझलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका चांगला, निदान काही आठवडे तरी. एका भागाला वाळू आणि विटांची सुरखी मिळून तीन भाग, हे दर्जा भरायला चालणारे सर्वसाधारण प्रमाण; पण जुन्या भिंतीतला चुना चुरगाळून गवंड्याला दाखवा आणि एका कोपऱ्यात नमुना करून पाहा. बेलफळ, गूळ, हिरडा घालायचा की नाही यावर दोन गवंडी भांडतील, त्यांना भांडू द्यावे. भरण्याआधी जागा ओली करायची, भरल्यावर पोते बांधून आठवडाभर ओली ठेवायची. वैशाखाच्या दुपारी केलेला चुना पाणी न मिळाल्याने भुगा होतो.

काम चालू असताना घरातल्या म्हाताऱ्यांशी बोला, पण “इतिहास सांगा” म्हणू नका. लग्नाचे अल्बम मागा. घरची कार्ये तेव्हा चौकात व्हायची, आणि नवरा-नवरीच्या मागे आज नसलेली महिरप, विकलेला खांब, बुजवलेले तुळशीवृंदावन उभे असते. फोटो तिथेच मोबाइलवर टिपून परत करा. मोडी कागद निघाले तर घरी न्यायचे नाहीत, लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी तर मुळीच नाही. जागेवर टिपा, आणि वाचणाऱ्यासाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारणा करा. नानांचे दफ्तर मेणवलीच्या वाड्यातूनच इतिहासाच्या अभ्यासकांपर्यंत पोचले. तुमच्या आळीतला कागद बहुधा खतपत्र किंवा वाण्याचा हिशेबच निघेल, त्यालाही किंमत आहे.

कायद्याचे थोडक्यात. इमारत राज्य किंवा केंद्राचे संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दर्जाही भरू नका. केंद्रीय स्मारकापासून शंभर मीटर बांधकामाला मनाई आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रित, हे घरमालकांना आधी सांगा. नंतर कळले की राग तुमच्यावर निघतो. बाकीच्यांसाठी शस्त्र एकच, गावाची विकास योजना. मुंबईने १९९५ मध्ये वारसा इमारतींचे नियम केले, त्यांत तीन श्रेण्या आहेत. तुमच्या गावाच्या योजनेचा मसुदा निघेल तेव्हा हरकती-सूचनांच्या मुदतीत आळीचा नकाशा, मोजमापे आणि फोटो जोडून यादी द्या. आणि रस्तारुंदीची रेषा कुठल्या ओसरीवरून गेली आहे ते पाहा. वाडे वाचवण्याच्या गप्पा आणि ओसरी कापणारी रेषा एकाच योजनेत निवांत नांदतात.

दसऱ्यानंतर पुन्हा त्याच घरांत जा. ओलीचे डाग खडूने आखून तारीख घाला, काचा बघा, पन्हळ बघा, आणि यंदाचे खर्चाचे आकडे नोंदीत भरा. नोंदीची एक प्रत गावच्या वाचनालयात, एक नगरपालिकेत आवक क्रमांक घेऊन, एक भाडेकरूला, एक मालकाला. मालक चार असतील तर चौघांना वेगवेगळी. एकाकडे दिलेली प्रत बाकीच्या तिघांना कधी दिसत नाही.