लाईन सोडून लोकलला येताना

लाईनची, म्हणजे लांब पल्ल्याची, गाडी सोडून बंदराजवळच्या लोकलला येऊ का, असं विचारणारे फोन मला वरचेवर येतात. विचारणारा बहुतेक चाळिशीच्या आसपासचा असतो. पोरं शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि दिल्ली-कलकत्त्याच्या फेऱ्यांनी पाठ कामातून गेलेली असते. माझं उत्तर ठरलेलं आहे. जरूर या, पण फेरीला किती मिळणार हे विचारायच्या आधी, गाडी उभी राहिली तर पैसे कोण देणार हे विचारा.

मी न्हावा शेवाहून दिल्ली आणि नागपूर-रायपूरमार्गे कलकत्ता अशी लाईन बरीच वर्षं मारली. दिल्ली इथून चौदाशे किलोमीटरच्या घरात, कलकत्ता त्याहून कितीतरी लांब. त्रास पुष्कळ होता. सणवार, दुखणीखुपणी, पोरांचे निकाल, सगळं फोनवर कळायचं. 2017 साली जीएसटी आला, जकात नाके आणि राज्यांच्या हद्दीवरचे करनाके गेले, पुढे फास्टॅग सक्तीचा झाला. रस्ता मोकळा झाला, पण वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या झोपेत गेला नाही. मालकांनी त्याच महिन्यात जास्त फेऱ्या मागितल्या. तरी लाईनला एक गोष्ट आपल्या हातात राहते. डोळा जड झाला की ओळखीच्या ढाब्यावर गाडी लावता येते. चार तास पडलो तरी मागून कुणी हॉर्न मारत नाही.

वडिलांचं दुखणं वाढलं तेव्हा मी लोकलला आलो. जवळचं काम, रोज घर, एवढाच विचार होता.

लोकल म्हणजे काय, हे बाहेरच्याला नीट कळत नाही म्हणून सांगतो. न्हावा शेवाचं बंदर 1989 साली सुरू झालं. आज तिथे पाच कंटेनर टर्मिनल आहेत आणि द्रोणागिरी, जासई, खोपटे या पट्ट्यात सीएफएस (कंटेनरचा माल भरण्या-उतरवण्याची गोदामं) आणि खाली डब्यांची, म्हणजे रिकाम्या कंटेनरची, यार्डं पसरलेली आहेत. टर्मिनलमधून भरलेला डबा उचलायचा आणि सीएफएसला टाकायचा. खाली झालेला डबा यार्डात जमा करायचा. यार्डातून दुसरा खाली डबा घेऊन तळोजा किंवा भिवंडीला भरायला न्यायचा आणि जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे डबा जमा करायची शेवटची वेळ, संपायच्या आत गेटात घालायचा. बंदराच्या भोवतीची कित्येक कामं दहा-वीस किलोमीटरचीच असतात. अंतर ऐकून लाईनवाल्याला वाटतं, हे तर बसल्या बसल्या होईल.

अंतर खरंच किरकोळ आहे. तास जातात ते रांगेत. एकाच वेळी दोन-तीन जहाजांचे कट-ऑफ जवळ आले की सगळ्या गाड्या गेटावर धावतात. कधी सिस्टीम बंद पडते, कधी क्रेन बिघडते, कधी कस्टम तुमचा डबा स्कॅनिंगला काढतं, पावसाळ्यात जहाजच उशिरा लागतं. खाली डबा ठरलेल्या दिवसांत परत गेला नाही तर शिपिंग लाईन दंड लावते, म्हणून पार्टी ट्रान्सपोर्टरच्या मागे लागते आणि ट्रान्सपोर्टर ड्रायव्हरच्या. यातलं एकही कारण ड्रायव्हरच्या हातातलं नाही. वेळ मात्र त्याचाच जातो.

करळ फाट्याच्या पुढे रात्री दोनला रांगेत उभं राहणं कसं असतं ते सांगतो. पुढची गाडी एक ट्रेलरभर सरकते. क्लच, पहिला गिअर, ब्रेक, पुन्हा न्यूट्रल. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. झोपावं तर नंबर जातो आणि मागचे शिव्या घालतात. इंजिन बंद करावं तर डास आणि खाडीचा उकाडा. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन बंधनकारक झाली, हे चांगलंच झालं. पण एसी इंजिनावर चालतो आणि ॲव्हरेज कमी पडलं की डिझेलचे पैसे पगारातून कापणारे मालक आहेत. तिथे एसी असून नसल्यासारखा. सकाळी गेट पास हातात पडतो तेव्हा अंतर जेमतेम कापलेलं असतं आणि डावा गुडघा क्लच दाबून दाबून ठणकत असतो. त्याच अंगाने पनवेल रोडवर, शाळेच्या रिक्षा आणि दुचाकींच्या गर्दीतून, चाळीस फुटी ट्रेलर वळवायचा असतो. थकलेल्या ड्रायव्हरला मोकळ्या हायवेपेक्षा हे जास्त धोक्याचं आहे. हायवेला चूक सावरायला जागा असते, इथे हातभर अंतरावर माणूस असतो.

माझ्या पहिल्या ट्रान्सपोर्टरकडे हिशेब निव्वळ फेरीवर होता. डबा पोचला तर पैसे, रांगेत उभे राहिलात तर काही नाही. एका पावसाळ्यात गाड्या दिवसेंदिवस अडकल्या आणि महिनाअखेरीला हातात आलेल्या रकमेत घरभाडंसुद्धा निघेना. त्यातच एका खाली डब्याला पोचा निघाला. तो पोचा मी डबा उचलला तेव्हापासून होता, पण उचलतानाच्या पावतीवर नोंद नव्हती, म्हणून दुरुस्तीचे पैसे माझ्या हिशेबातून कापले. असं फेरीवर काम असलं की माणूस पुढची फेरी मिळावी म्हणून झोप न घेता निघतो. लोकलच्या अपघातांचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

कायद्याने ड्रायव्हरच्या तासांचा विचार कधीच केलेला आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांच्या मधे सलग 9 तासांची विश्रांती, असं ठरवून दिलं होतं. ड्रायव्हरला हे आकडे माहीत नसतात, म्हणून मालकाला कुणी विचारत नाही. निदान आपल्या मनाशी ते पक्के असू द्या. रांगेत बसलेले तास हे कामाचेच तास आहेत, हे आधी आपण मानलं तरच समोरचा मानेल.

आता मी जिथे आहे तिथे महिन्याचा पगार ठरलेला आहे, वर फेरीचा भत्ता आहे आणि ठरावीक तासांपुढे गाडी अडकली तर होल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, मिळतं. पाळी बदलायला दुसरा ड्रायव्हर गेटापर्यंत येतो. फेरीचा दर पहिल्यापेक्षा कमी आहे, तरी महिन्याला घरात जास्त येतं आणि मी माणसासारखा झोपतो. म्हणून कामाला लागण्याआधी पुढच्या गोष्टी पक्क्या करून घ्या.

होल्टिंग किती तासांनी सुरू होतं आणि ते ड्रायव्हरला मिळतं की मालकाच्या खिशात जातं, हे स्पष्ट विचारा. पार्टीकडून घेतलेलं होल्टिंग ड्रायव्हरपर्यंत न पोचणं नवीन नाही. पाळी किती तासांची, बदली ड्रायव्हर आहे का, आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी, हे विचारा. भिवंडी-ठाण्याकडे अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळ बंदी असते. बंदीच्या वेळेत गाडी काढायला लावली आणि चलान आलं तर ते कोण भरणार, हे आधीच बोलून घ्या. पीएफ आणि ईएसआयसी कापतात का, पगाराची चिठ्ठी देतात का, हेही पाहा. घरात दुखणं निघालं की त्याची किंमत कळते. आणि काहीही झालं तरी पहिल्याच महिन्यात मोठी उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत तुम्हाला ती गाडी सोडता येत नाही, मग मालक कितीही वाईट निघो.

ट्रान्सपोर्टर दाखवेल तो फेरीचा दर बाजूला ठेवा आणि तिथल्या जुन्या ड्रायव्हरला विचारा की महिन्याला हातात किती येतात आणि घराबाहेर किती तास जातात. पहिल्याला दुसऱ्याने भागा. लाईनच्या कमाईलाही तसंच भागा. लाईनला झोपणं गाडीतच असतं आणि घर गावाकडे, म्हणून भाड्याचा खर्च लागत नाही. इथे उलवे, करंजाडे, उरणला खोली घ्यावी लागते. ते भाडं आधी वजा करा, मग ठरवा.

कामातही काही सवयी बदलाव्या लागतात. लाईनला डबा एकदा बसला की मुक्कामापर्यंत बसला. इथे दिवसातून अनेकदा चढतो-उतरतो. क्रेनखाली जाण्याआधी चारही कोपऱ्यांचे लॉक स्वतः उतरून उघडा. एक जरी अडकला असेल तर डब्याबरोबर ट्रॉलीही उचलली जाते. रस्त्याला लागताना तेच चारही लॉक बंद आहेत ना, ते पाहा. सीलचा नंबर कागदाशी अंक न् अंक जुळवा.

खाली डबा उचलताना घाई करू नका. चारही बाजू, कोपरे, दरवाजाचं रबर आणि आतली जमीन पाहा. मग सोबत्याला बाहेर उभं करून आत जा आणि दरवाजे ओढून घ्यायला सांगा. अंधारात थोडा वेळ डोळे स्थिरावू द्या आणि छताकडे पाहा. कुठेही उजेडाचा ठिपका दिसला तर डबा फुटका आहे, पावसात माल भिजणार. तो डबा घेऊ नका. पोचा किंवा गंज असेल तर पावतीवर लिहून घ्या आणि तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा. या पाच-दहा मिनिटांनी माझी पुढची सगळी कपात थांबली.

घरच्यांशीही बोलून घ्या. नवरा रोज घरी येणार म्हणून बायकोला आनंद होतो. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप हवी असते आणि एका खोलीत पोरं, टीव्ही, पाहुणे सगळे असतात. पाळीचं वेळापत्रक भिंतीवर लावा, झोपेचे तास घरात सगळ्यांना सांगा, खिडकीला जाड पडदा लावा. बाकीच्या वेळी मात्र फोन बाजूला ठेवून पोरांजवळ बसा. ज्यासाठी लाईन सोडली ते हेच आहे.

गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, किंवा कर्ज डोक्यावर असून फेरीमागे फेरी मारण्यावाचून गत्यंतर नसेल, तर अशा माणसाने फेरीच्या हिशेबावरचं लोकल घेऊ नये. त्यापेक्षा ठरलेल्या पगाराची, मध्यम अंतराची गाडी शोधावी. बाकी ज्यांची तब्येत धड आहे आणि घर जवळ हवं आहे, त्यांच्यासाठी लोकल चांगलं काम आहे. फक्त थांबण्याच्या तासांचे पैसे आणि झोपेचे तास कागदावर लिहून घेतल्याशिवाय कुणाच्याही गाडीची चावी हातात घेऊ नका.