'आय' की 'मी'?

धरणगाव हे बालकवींचे गाव. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच आपले बालकवी, १८९० साली येथे जन्मले. समजा, धरणगावच्या एखाद्या विद्यार्थ्याने इंग्रजी निबंधात अभिमानाने लिहिले : 'बालकवी अँड मी वेअर बॉर्न इन धरणगाव.' माहिती खरी, अभिमानही रास्त. पण गुरुजींनी 'मी'खाली तांबडी रेघ ओढली. का बरे?

इंग्रजीतला 'मी' आणि मराठीतला मी ह्यांचा उच्चार एकच आहे. काम मात्र वेगळे. मराठी मी हा वाक्याचा कर्ता असतो. इंग्रजी 'मी' म्हणजे मला. कर्त्याच्या जागी इंग्रजीत 'आय' हवा.

हा घोटाळा झाला कसा? संस्कृतात कर्त्यासाठी 'अहम्' आणि इतर विभक्तींत 'माम्', 'मया', 'मम' अशी रूपे आहेत. इंग्रजीतही कर्ता 'आय', इतरत्र 'मी', 'माय'. दोन्ही भाषा एकाच प्राचीन कुळातल्या असल्याने हे साम्य दिसते. मराठीत मात्र 'अहम्' मागे पडला आणि तृतीयेच्या 'मया'पासून आलेला मी कर्त्याच्या जागी बसला. म्हणूनच आपण 'त्याने आंबा खाल्ला' म्हणतो, पण 'मी आंबा खाल्ला' म्हणताना मी-ला 'ने' जोडीत नाही.

आता एक सोपी चाचणी पाहू. प्रयोगशाळेत आपण एक घटक बाजूला काढतो आणि काय बदलते ते पाहतो. येथेही तसेच करा. जोडीतला दुसरा माणूस आणि 'अँड' काढून टाका, क्रियापद एकवचनी करा आणि वाक्य वाचा. 'मी वॉज बॉर्न इन धरणगाव' हे कानाला लगेच खटकते. 'आय वॉज बॉर्न' बरोबर वाटते. म्हणून 'बालकवी अँड आय' हेच खरे.

पण सावधान! एकदा तांबडी रेघ बसली, की काही मुले सगळीकडेच 'आय' लिहू लागतात : 'सर कॉल्ड मोहन अँड आय.' मोहनला बाजूला काढा. उरले 'सर कॉल्ड आय.' चूक! सरांनी कोणाला बोलावले? मला. म्हणून 'मोहन अँड मी'. 'विथ', 'फॉर', 'टू' अशा शब्दांनंतरही 'मी', 'हिम', 'हर', 'अस', 'देम' हीच रूपे येतात.

'बिटवीन' शब्दाला मात्र दोघे लागतातच. एकाला काढता येत नाही. तेथे दोघांच्या जागी एकच सर्वनाम घालून पाहा. आपण 'बिटवीन वुई' म्हणत नाही, 'बिटवीन अस' म्हणतो. म्हणून 'बिटवीन यू अँड मी' बरोबर.

दुसरा खड्डा भाषांतराचा आहे. 'मला चहा आवडतो' ह्यातला 'मला' पाहून 'मी लाइक टी' लिहिणे चूक. मराठीत आवड, भूक, थंडी, इच्छा आपल्याला येऊन भेटतात. म्हणून आपण 'मला' म्हणतो. इंग्रजीत तेथे अनुभव घेणाराच कर्ता होतो : 'आय लाइक टी', 'आय ॲम हंग्री'. तेव्हा शब्दाला शब्द ठेवू नका. इंग्रजी वाक्यातला कर्ता आधी शोधा.

दारावर टकटक झाल्यावर 'इट इज आय' म्हणावे की 'इट इज मी'? जुनी व्याकरणे पहिल्याचा आग्रह धरीत. बोलण्यात मात्र आज सर्रास 'इट इज मी' चालते. भाषा वापराने बदलते, ती अशी. 'यू'चेच पाहा. एके काळी कर्त्यासाठी 'यी' आणि कर्मासाठी 'यू' होते. पुढे 'यू'ने दोन्ही जागा घेतल्या.

विद्यार्थी मित्रांनो, खानदेशातली कितीतरी मुले घरी अहिराणीत 'माले', 'तुले' म्हणतात आणि शाळेत 'मला', 'तुला'. म्हणजे विभक्ती त्यांना दोन भाषांत येतेच. कोणी नियम न शिकवता येते. अशा मुलाला इंग्रजी व्याकरणाची भीती वाटण्याचे कारण नाही. त्याने फक्त एवढेच विचारायचे : ह्या वाक्यात कोण करतो आणि कोणाला करतो?

स्वाध्याय : योग्य रूप निवडा.

१. 'सर गेव्ह राणी अँड (आय, मी) ए प्राइज.'
२. '(शी, हर) अँड मोहन प्ले कबड्डी.'
३. 'कम विथ मोहन अँड (वुई, अस).'
४. 'त्याला थंडी वाजते' : '(ही, हिम) फील्स कोल्ड.'

उत्तरे : १. मी २. शी ३. अस ४. ही. उत्तर चुकले असेल तर नियम घोकू नका. चाचणी पुन्हा करून पाहा.